साठीनंतरची हाडं, तोल आणि व्यायाम: आमच्या ग्रुपला सारखे येणारे प्रश्न

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ज्येष्ठांचा व्यायाम असतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घेते मीच. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आपला नेमका प्रश्न शोधून तेवढंच वाचलं तरी चालेल, फक्त प्रश्न ४ आणि ५ सगळ्यांनी वाचा.

१. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे नक्की काय? सांधेदुखीच ना ती?

नाही, दोन्ही वेगळे आजार आहेत. आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं झिजत असतं आणि नवीन बनत असतं. तिशीपर्यंत जमा जास्त होते, नंतर खर्च वाढत जातो, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर हाड भराभर कमी होतं. वाळवी लागलेली दाराची चौकट कशी बाहेरून धड दिसते आणि एक धक्का बसला की आतून भुगा निघतो, तसं हाड आतून ठिसूळ होणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. यात हाड मोडेपर्यंत काहीच दुखत नाही. गुडघे धरतात, कुरकुरतात ती सांध्यातल्या कूर्चेची झीज, त्याबद्दल प्रश्न ९ बघा.

२. मला काहीच त्रास नाही, मग टेस्ट कशाला करायची? आणि कोणती?

त्रास होत नाही म्हणूनच करायची. टेस्टचं नाव डेक्सा स्कॅन. कमरेचे मणके आणि खुबा बघतात, झोपून राहायचं, सुई नाही काही नाही, रेडिएशन अगदी कमी. पासष्टीनंतर सगळ्या बायकांनी आणि सत्तरीनंतर पुरुषांनी डॉक्टरांना याबद्दल विचारावं. त्याआधी कोणी विचारायचं तर ज्यांची पाळी पंचेचाळीसच्या आत गेली किंवा अंडाशय काढलेत, दमा-संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉईडच्या गोळ्या झाल्यात, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता, किंवा स्वतःचं मनगट साधं उभ्या उभ्या पडून मोडलंय त्यांनी.

शिबिरात टाचेला मशीन लावून फुकट तपासतात ना, त्यावरून अंदाज येतो, निदान होत नाही. तिथे कमी आलं म्हणून रडत बसू नका आणि चांगलं आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते, उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. साडीचा निऱ्यांचा घोळ अचानक जमिनीवर लोळायला लागला असं आमच्या एक मावशी सांगत होत्या, तेव्हा मोजली तर उंची खरंच घटली होती.

३. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर -२.१ आलाय, घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण कामाला लागायचं. टी-स्कोअर म्हणजे डेक्सामध्ये तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून आलेला आकडा. -१ किंवा त्याच्या वर असेल तर नॉर्मल, -१ ते -२.५ च्या मधलं म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाड विरळ व्हायला लागलंय, आणि -२.५ किंवा त्याच्या खाली ऑस्टिओपोरोसिस. पण नुसता आकडा सगळं सांगत नाही. -२.१ असलेल्या बाईचं आधी पडून मनगट मोडलं असेल तर तिचा धोका -२.६ असलेल्या, कधीच न पडलेल्या बाईपेक्षा जास्त असू शकतो. उतारवयात मणक्यांना झिजेमुळे काटे फुटतात, त्याने कमरेचा आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून खुब्याचा आकडाही बघायचा. मधुमेहवाल्यांचंही तसंच, डेक्सा बरा दिसला तरी हाड मोडायचा धोका जास्त असतो. पुढच्या वेळी टेस्ट शक्यतो त्याच मशीनवर करा, नाहीतर तुलना होत नाही.

४. मी रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो, एवढं पुरे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून बरेच काका नाराज होतात. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, शुगरला, मनाला, आणि नंतर कट्ट्यावर बसून गप्पा होतात त्याही हव्यातच, चालणं अजिबात बंद करू नका. पण हाडासाठी आणि पडू नये यासाठी ते एकटं पुरत नाही. हाडाला नेहमीपेक्षा जास्त ताण पडला की ते घट्ट होतं, आणि सपाट रस्त्यावर रोज त्याच चालीने चालायची त्याला कधीच सवय झालेली असते. हात आणि पाठ तर चालताना कामालाच लागत नाहीत.

दुसरं असं की खुब्याचं हाड जवळजवळ नेहमी पडल्यामुळेच मोडतं. म्हणजे हाड वाचवायचं तर आधी पडणं वाचवायला हवं, आणि त्याला लागते मांडीची ताकद आणि तोल. मी इतकी वर्षं हे काम करतेय, माझं ठाम मत आहे की आपल्याकडे कॅल्शियमच्या गोळीवर जेवढं बोलतात त्याच्या चौथाईसुद्धा कोणी तोलावर बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ च्या वरच्यांसाठी जे सांगितलंय ते असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं किंवा तत्सम, निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल आणि ताकद मिळून असणारा व्यायाम. आपल्यातले बहुतेक जण पहिलं करतात आणि थांबतात.

५. मग नक्की कोणते व्यायाम करायचे?

आमच्या हॉलमध्ये जे करतो तेच सांगते. पाच-सात मिनिटं जागच्या जागी पावलं टाकून अंग गरम करायचं. मग खुर्ची. हात नसलेली, न हलणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची, प्लास्टिकची नको, ती सरकते. पुढच्या कडेला बसायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, हात छातीवर, नाक पंजाच्या रेषेत येईपर्यंत कमरेतून पुढे झुकायचं आणि उठायचं, आणि बसताना धप्पकन नाही, तीन आकडे मोजत हळूहळू. बसतानाचं हे हळूहळूच खरं काम करतं. सुरुवातीला आठ वेळा, जमायला लागलं की बारा, मग हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो.

त्यानंतर टाचा उचलून पंजावर उभं राहणं, भिंतीवर हात टेकवून दंड, आणि पाठीसाठी खांद्याची पाती मागे एकमेकांजवळ ओढणं, कारण पोक काढून चालणाऱ्याचा तोल पुढेच जातो. शेवटी तोल: फरशीच्या रेषेवर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा पावलं, मग एका पायावर उभं राहायचं, हात भिंतीजवळ ठेवूनच. घरी दात घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ओट्याला धरून एका पायावर उभं राहता येतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सोपं वाटायला लागलं की थोडं अवघड करायचं. वर्षभर तेच आठ उठाबशा करत राहिलात तर हाडाला आणि स्नायूला नवीन काही मिळत नाही.

६. मी कुठे आहे हे कसं कळणार? ताकद कमी आहे का बरी आहे?

घड्याळ लावा. हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. ६५ ते ६९ च्या बायकांना ११ पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल तर पडायचा धोका जास्त धरतात, वय वाढेल तसा आकडा थोडा खाली येतो. दुसरं, खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोलावर लक्ष द्यायलाच हवं. बाजूला कोणीतरी उभं असतानाच करा, एकट्याने नको.

७. योगा करते, सूर्यनमस्कार घालते, ते चालू ठेवू का?

ऑस्टिओपोरोसिस नसेल आणि आधीपासूनची सवय असेल तर ठेवा. पण टी-स्कोअर -२.५ च्या खाली असेल किंवा मणका दबलेला असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं टाळा, म्हणजे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, आणि कमरेला जोरात पीळ देणारी आसनंही. मणक्याची पुढची बाजू त्याने दाबली जाते. सूर्यनमस्कारात हे वाकणं दोनदा येतं, त्यामुळे तसेच्या तसे नकोत. ताडासन, वृक्षासन भिंतीजवळ, वीरभद्रासन, आणि शिक्षकांच्या नजरेखाली सौम्य भुजंगासन, हे चालतं. खाली पडलेली वस्तू उचलताना, गादी गुंडाळतानासुद्धा हाच नियम, पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यातून वाका.

८. हाडं ठिसूळ आहेत म्हणून घरचे काही उचलू देत नाहीत, वजनाने हाड मोडलं तर?

घरच्यांची काळजी मला समजते, पण काहीच न केल्याने स्नायू आणि हाड दोन्ही अजून उतरतात आणि माणूस लवकर पडतो. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठ महिने आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं होतं, त्यांची हाडं सुधारली. याचा अर्थ उद्या घरात गव्हाचं पोतं उचला असा नाही. तिथे शिकवणाऱ्या माणसाची सतत नजर होती. आपण अर्ध्या किलोपासून सुरू करायचं, श्वास रोखायचा नाही, आणि पद्धत बरोबर आहे का ते कोणाला तरी दाखवून घ्यायचं.

९. गुडघे दुखतात, ग्रीस संपलंय म्हणतात, मग कसला व्यायाम?

आधी ते ग्रीस संपणं डोक्यातून काढा. गुडघा दुखतो म्हणून पाय हलवायचाच नाही असं केलं की मांडीचा स्नायू सुकतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. उंच खुर्ची घ्या, खाली उशी घाला, म्हणजे उठताना गुडघा कमी वाकतो. बसल्या बसल्या पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवा. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळलं तर हरकत नाही, सूज आली किंवा दोन दिवस दुखत राहिलं तर कमी करा. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं त्रास देत असेल तर जबरदस्ती करू नका.

१०. आमची खोली दहा बाय बारा, हॉलला येणं जमत नाही, घरी कसं करू?

प्रश्न ५ मधल्या सगळ्याला एक खुर्ची आणि भिंतीजवळची दोन हात जागा लागते, तेवढी मुंबईत कुठेही निघते. कॉमन गॅलरीत चालायला छान, पण जुन्या चाळीच्या लाकडी कठड्याला धरून तोलाचे व्यायाम करू नका, कठडा कुठे कुजलाय ते कोणालाच माहीत नसतं, भिंतीच्या बाजूने करा. आणि जमलं तर शेजारच्या दोघींना बरोबर घ्या. एकटीने धरलेला नेम पंधरा दिवसांत सुटतो, शेजारीण दारात येऊन "चला काकू" म्हणाली की उठावंच लागतं.

११. कॅल्शियमसाठी दूधच प्यायला हवं का? मला पचत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांना रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीतून १७० च्या आसपास. २०० मिलीच्या ग्लासभर दुधात साधारण २४०, वाटीभर दह्यात त्याहून थोडं कमी, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक बहुतेक वेळा पचतं. चमचाभर तिळाची चटणी, माठ, शेवग्याचा पाला, राजगिरा हे सगळं धरा. पालकातलं कॅल्शियम मात्र फारसं अंगी लागत नाही. खाणाऱ्यांसाठी मांदेली आणि काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी उत्तम, जवळाही उत्तम, पण सुकटीत मीठ असतं तेव्हा बीपीवाल्यांनी धुऊन आणि बेताने.

कॅल्शियमच्या नादात प्रथिनं विसरू नका, हे मी फार बघते. रात्री चहा-खारी खाऊन झोपणारी आजी नुसत्या गोळीने धडधाकट होणार नाही, डाळ, उसळ, अंडं, पनीर, मासे यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवंच.

१२. कॅल्शियमच्या गोळीने मुतखडा होतो का? थायरॉईडची गोळीही चालू आहे.

जेवणातल्या कॅल्शियमने खडा होत नाही, उलट ते बंद केल्याने वाढू शकतो. गोळीचं वेगळं, आधी खडा झालेला असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्या. जेवणातून पुरेसं मिळत असेल तर वर गोळी हवीच असं नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्यायची, ५०० मिलिग्रॅमहून जास्त एका वेळी नको. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर एकत्र घेऊ नका.

१३. मुंबईत एवढं ऊन, तरी माझं व्हिटॅमिन डी कमी कसं?

ऊन आहे पण अंगावर कुठे पडतं? सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हात डी जवळजवळ बनत नाही, खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात तर नाहीच, आणि टॉवरच्या मधल्या चाळीत ऊन पोचतच नाही. एक सोपी खूण लक्षात ठेवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं. साधारण अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, डोक्यावर टोपी घालून, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सावलीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात वेळ कमी करा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं औषध.

आणि हे नीट वाचा. डी ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच असते. आमच्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी गैरसमजाने ती रोज घेतली, उलट्या, बद्धकोष्ठ, बरळणं, रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढलं की ॲडमिट करावं लागलं. कॅलेंडरवर वार लिहून त्याच्याभोवती गोल करा.

१४. पावसाळ्यात बाहेर पडायचं का? भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण जून ते सप्टेंबर चार महिने घरात बसलात तर ऑक्टोबरमध्ये पाय लटपटतात, हे दरवर्षी बघते. शेवाळलेला पॅसेज, ओली लादी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, हे टाळून हॉलमध्ये किंवा घरात व्यायाम चालू ठेवा. चप्पल मागे पट्टा असलेली, तळवा न झिजलेला. छत्री एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात असेल तर कठडा धरायला हात उरत नाही, म्हणून पिशवी खांद्याला अडकवा. बस पूर्ण थांबल्याशिवाय सीटवरून उठू नका, कंडक्टरला आधी सांगून ठेवा, थांबतात. स्टेशनच्या ब्रिजवर घाईच्या वेळी कडेने, कठडा धरूनच.

१५. हे सगळं बायकांचं ना? पुरुषांना काय?

पुरुषांनाही होतं, फक्त काही वर्षं उशिरा, आणि खुबा मोडल्यानंतर दगावायचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त आहे. तंबाखू, सिगरेट, दारू, जुनं स्टेरॉईड, प्रोस्टेटच्या कॅन्सरची हार्मोनची इंजेक्शनं, याने धोका वाढतो. आमच्याकडे वीस बायकांमागे चार काका येतात, मला हे मनापासून खटकतं. काकांना घेऊन या.

१६. हाडांचं औषध चालू आहे, त्यात काय जपायचं?

आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दुसरी गोळी नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. डेनोसुमॅब नावाचं सहा महिन्यांचं इंजेक्शन असेल तर ते वेळेवर म्हणजे वेळेवरच. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद केलं किंवा गावाला गेलो म्हणून लांबलं तर हाड झपाट्याने उतरतं आणि मणके दबू शकतात, बंद करायचं असलं तरी त्याजागी दुसरं औषध डॉक्टर ठरवतात. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना या औषधांबद्दल सांगा. जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखायला लागलं तरी कळवा.

१७. व्यायाम कधी करायचा नाही?

ताप असेल, छातीत दुखत असेल, नेहमीपेक्षा दम लागत असेल, त्या दिवशी बीपी १८० वर ११० किंवा जास्त असेल तेव्हा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. इन्सुलिनवाल्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये, खिशात साखर ठेवावी. अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीचा डोस बघून घ्यावा लागतो, हे पडण्याचं मोठं कारण आहे आणि लोक सांगत नाहीत.

१८. पडल्यावर काय करायचं? लगेच उचलायचं का?

नाही. आधी दोन मिनिटं तसंच पडून राहायचं, कुठे दुखतंय ते बघायचं. जांघेत जोरात दुखतंय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, पायावर भार देता येत नाही, तर ओढून उठवू नका, १०८ ला फोन करा. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन जितकं लवकर, शक्यतो दोन दिवसांच्या आत, तितकं बरं. सत्तरीच्या वरच्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे हॉस्पिटलचे उपचार मिळतात, ते कार्ड आधीच काढून ठेवा, पडल्यावर धावाधाव नको.

काहीच लागलं नसेल तर उठायची रीत आहे: कुशीवर वळा, हातांवर आणि गुडघ्यांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, खुर्चीवर हात ठेवून एक पाऊल पुढे रोवा आणि उठा. ज्यांना झेपतं त्यांच्याकडून महिन्यातून एकदा चटईवर हे करून घेते.

माझी आई बाथरूममध्ये पडली तेव्हा आतून कडी लावलेली होती. आत ती ओरडतेय आणि बाहेर आम्ही, शेजारच्या दादांनी दार तोडेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेव्हापासून आमच्या बाथरूमच्या दाराला आतली कडी नाही. आत जाताना बाहेरच्या खिळ्याला टॉवेल अडकवायचा, टॉवेल दिसला की आत कोणीतरी आहे.